फक्त साफसफाई, वागण्यात बदल नाही

नेरिंगा म्हणाली, "चूक माझी आहे," तेव्हा माझ्या तोंडात मफिनचा घास होता. सोमवारची सकाळची बैठक म्हणजे आमच्याकडे उभ्याउभ्या उरकायचा प्रकार. खिडकीशी अर्धवर्तुळ करायचं, काल काय केलं नि आज काय करणार ते एकेकाने सांगायचं, आणि पांगायचं. कुणी कुणाचं ऐकत नाही. मी तर पंचवीस वर्षं खाली गाड्यांच्या जागेत साचलेल्या काळ्या बर्फाच्या ढिगाकडे बघत ही बैठक काढली आहे. पण त्या दिवशी सगळ्यांनी माना वळवल्या, कारण दूर सस्कॅटून शहरातल्या ग्राहकाची संगणक-यंत्रं तीन आठवडे मधूनच गोठत होती, म्हणजे चालता चालता जागच्या जागी बंद पडत होती, त्या यंत्रांत नेटवर्कची कार्डं आमची होती, आणि त्या कार्डांशी यंत्राला बोलतं करणारा ड्रायव्हरही आमचाच. शनिवार-रविवार ऑफिसात बसून हिने दोष शोधला होता. आणि शोधत शोधत पोचली होती ती स्वतःच्याच नावापर्यंत. "शाब्बास," आमचा साहेब गॉर्ड म्हणाला, "निदान तूच शोधलंस." हे कौतुक होतं की टोमणा, ते गॉर्डलाही ठाऊक नसावं. मी घास गिळला. हायसं वाटलं, हे कबूल करतो. आणि त्या हायसं वाटण्याच्या पोटात लगेच काहीतरी टोचलं. मला का हायसं वाटावं? माझ्यावर कुणी आरोप केला होता?

शोधायची रीत अशी. शेवटची चांगली आवृत्ती आणि पहिली बिघडलेली आवृत्ती, यांच्यामध्ये दोनशेच्या वर बदल. नेमका मधला बदल घ्यायचा, तिथपर्यंतचा ड्रायव्हर यंत्रावर चढवायचा आणि यंत्राला चाळीस मिनिटं पिदडायचं. गोठलं, तर दोष तिथे किंवा त्याआधी. नाही गोठलं, तर पुढे. मग उरलेल्या अर्ध्याचा मध्य. आठ फेऱ्यांत एक बदल हाती येतो आणि त्याच्या खाली ज्याची सही, तो धनी. वाद नाही, भांडण नाही. आमच्या धंद्यात माणसांवर विश्वास ठेवायची गरज पडू नये म्हणून अशा रीती काढल्या आहेत आणि त्या मला फार आवडतात, आवडत होत्या. फक्त एक मेख आहे. दोष रोज भेटणारा हवा. कधी चाळीस मिनिटांत दिसतो, कधी दोन दिवस दिसतच नाही, असा लहरी दोष असला, तर एखाद्या फेरीत यंत्र नशिबाने तग धरतं, आपण "चांगलं" म्हणून खूण करतो, आणि तिथून पुढच्या सगळ्या फेऱ्या प्रामाणिकपणे भलत्याच माणसाच्या दारात नेऊन सोडतात. हे मी तिला सांगायला हवं होतं. सहा महिन्यांपूर्वी ती आली तेव्हा तिला शिकवायचं काम माझ्याकडेच होतं.

जागेवर येऊन तिचा बदल उघडला. तिने कार्ड थांबवायचं काम जरा झटपट केलं होतं. नेटकं, समजून केलेलं काम. त्यात दोष दिसेना. मग मी उगाच, अगदी उगाच, त्याच्या आधीचा बदल पाहिला, त्याच्या आधीचा पाहिला. तो माझा होता. आमच्या त्या भागात सगळे माझेच होते. गेल्या शरदात मी ती फाइल साफ करायला घेतली होती. सहा हजार चारशे ओळींची एकच फाइल. वीस वर्षांत ज्याला जे सुचलं ते त्याने तिच्यात कोंबलेलं, गॅरेजमध्ये कोंबतात तसं. मी तिच्या पाच फाइली केल्या. मेलेली फंक्शनं काढली, नावं सुधारली, ओळी सरळ केल्या. त्रेसष्ट छोटे छोटे बदल. एका बदलात एकच गोष्ट, ही शिस्त. आणि प्रत्येकाच्या माथ्यावर तेच वाक्य: फक्त साफसफाई, वागण्यात बदल नाही. खाली माझी सही, लॉर्न हॅगर्टी, म्हणजे मी हमी देतो. आमचा ड्रायव्हर जगभरच्या यंत्रांत जातो, त्यामुळे हे सगळं चव्हाट्यावर, सार्वजनिक यादीवर चालतं; तिथलं प्रत्येक पत्र जगात कुणालाही वाचता येतं. तिथे ज्यांचं कौतुक विकत मिळत नाही अशा दोघातिघांनी लिहिलं, की किती वर्षांनी कुणीतरी ही घाण उपसली. मी ती पत्रं बर्नीला वाचून दाखवली. बर्नी माझी बायको. म्हणाली, "गॅरेज कधी साफ करणार ते विचार त्यांना."

एक्केचाळिसावा बदल. कार्डाला "थांब" असा हुकूम लिहायचा. त्याच्या लगेच खाली कार्डाकडूनच एक आकडा वाचायचा, आणि त्या आकड्याचं पुढे काहीच करायचं नाही. ज्या डब्यात तो आकडा पडे त्याचं नावही "कचरा" असंच ठेवलेलं. आपल्या ओळी यंत्राच्या भाषेत उतरवणारा हल्लीचा कंपायलर अशा ठिकाणी कुरकुर करतो: आकडा घेतलात, वापरला नाहीत. अशा कुरकुरी मी त्या आठवड्यात चाळीस मिटवल्या होत्या. हात बसला होता. डबा काढला, त्याच्यासोबत वाचनही काढलं, वाक्य लिहिलं, सही केली, कॉफी प्यायलो. आणि आता सोमवारी सकाळी, दहाला दहा कमी असताना, ती काढलेली, म्हणून लाल रंगात दिसणारी एक ओळ माझ्याकडे बघत होती, आणि माझ्या कानांत अगदी खरोखर शिट्टी वाजायला लागली. कारण कार्डाला लिहिलेला हुकूम लगेच पोचत नाही. तो टपालासारखा वाटेत पडून राहतो. पण लिहिल्यावर कार्डाला काहीतरी विचारलं, काहीही, की त्याचं उत्तर यायच्या आधी अडलेलं सगळं टपाल पोचवावंच लागतं. म्हणून विचारायचं. उत्तर नकोच असतं. ते नाही विचारलं, तर कार्ड थांबलं असं समजून त्याची जागा आपण दुसऱ्याला देतो, आणि कार्ड बिचारं, त्याला कुणी सांगितलेलंच नसतं, त्या जागेत लिहीत सुटतं. मग यंत्र गोठतं. कधी दोन दिवसांनी, कधी वीस मिनिटांत. हे शाळेतलं ज्ञान आहे. लाज वाटावी इतकं साधं.

आणि मला ते नुसतं ठाऊक नव्हतं, ती ओळ लिहिली गेली तेव्हा मी तिथे होतो. हे आठवायला मला त्या दिवशी दुपारपर्यंतचा वेळ लागला, म्हणजे बघा. आर्वो लेहतिनेन. थंडर बे गावचा, फिन्निश घराण्यातला, दिवसाला वीसेक वाक्यं बोलणारा माणूस. खिशात खारट काळ्या गोळ्या. द्यायचा, आणि आपण तोंड वाकडं केलं की त्याला आनंद व्हायचा. तळघरातली प्रयोगशाळा, बाहेर उणे तीस, आत भट्टीसारखं. या इमारतीत तेव्हाही खिडक्या उघडत नव्हत्या. तीन आठवडे आम्ही दोघं हाच दोष शोधत होतो, हाच, आणि आर्वोने एका सकाळी ती एक ओळ लिहिली आणि यंत्र चालत राहिलं. चालतच राहिलं. मी तेव्हा तिशीतला, उत्साही. म्हटलं, "अरे बाबा, वर दोन शब्द लिही की, का वाचतोय ते. उद्या कुणी येईल आणि काढून टाकेल." त्याने गोळी या गालातून त्या गालात सरकवली. "कशाला? तू आहेस ना इथे." आणि मी सुखावलो होतो! आर्वो लेहतिनेनला माझा भरवसा वाटतो म्हणून. त्याला जाऊन सहा वर्षं झाली. त्या ओळीचं कारण जगात एकाच माणसाच्या डोक्यात ठेवलेलं होतं, आणि त्या माणसाने पुसून टाकलं. कुणी परक्याने केलं असतं तर मी त्याला यादीवर फाडून खाल्लं असतं.

मंगळवारी सांगू असं ठरवलं. खरंच ठरवलं होतं. पण मंगळवारी सकाळी नेरिंगाने आपला बदल मागे घेतला आणि यादीवर पत्र टाकलं: माझ्या घाईमुळे दोष आला, सगळ्यांची क्षमा मागते. गेलं ते पत्र. वीस वर्षांनीही शोधणाऱ्याला सापडेल. आमच्याकडे काही हरवत नाही, हीच तर बढाई. आणि तिचा बदल काढल्यावर सस्कॅटूनची यंत्रं शांत झाली. होणारच. तिच्या बदलाने काम झटपट व्हायचं, म्हणून माझं पाप चटकन उघडं पडायचं. ती झटपट गेली की पाप लपतं, जात नाही. महिन्याने एखादं यंत्र गोठेल आणि लोक विजेला दोष देतील. म्हणजे आता मी बोललो असतो तर मला दोन गोष्टी सांगाव्या लागल्या असत्या: चूक माझी होती, आणि सोमवारपासून मला ठाऊक होती. सोमवारी एकच सांगायची होती. दर तासाला सांगायची गोष्ट वाढत होती, आणि मी जितका गप्प, तितकी ती जड. स्वेटरच्या गळ्यात बोट घालून मी दिवसभर बसलेला. तीन बाजूंनी करड्या फळ्या, चौथ्या बाजूला संगणकाचा पडदा, आणि पडद्यावर माझी सही त्रेसष्ट वेळा.

त्या दिवशी जेवायला तिनेच ओढून नेलं, समोरच्या शवर्मावाल्याकडे. बूट चिखलबर्फाने भरलेले, काचा वाफाळलेल्या, आत लसणाचा घमघमाट. तिने लसणीचे बटाटे माझ्याकडे सरकवले. "घ्या ना लॉर्न, तुम्ही काहीच खात नाही आज." मग खाली मान घालून म्हणाली, "मला तुमची वेगळी माफी मागायची होती. तुम्ही इतकी स्वच्छ करून दिलीत फाइल, आणि मी एका बदलात घाण केली."

"अगं, होतं असं," मी म्हणालो. हेच शब्द. होतं असं. बटाटा तोंडात फुगत चालला होता.

"बाबांना फोन केला काल, घरी काउनसला. म्हटलं, माझ्याकडून मोठी चूक झालीय, बहुतेक परत यावं लागेल. म्हणाले, कबूल केलीस ना, मग झोप शांत." ती हसली. "त्यांना काय, ते सुतार. त्यांचं टेबल सस्कॅटूनला जाऊन गोठत नाही."

परत यावं लागेल, हे ती सहज म्हणाली, पण त्यात सहज काही नव्हतं. तिचा करार या महिनाअखेर संपणार होता. गॉर्डने पक्की केली तर कामाचा परवाना राहणार, नाहीतर सामान बांधायचं. आणि बुधवारी गॉर्ड माझ्या फळीवर कोपर टेकून उभा. "लॉर्न, तू थोरला आहेस बाबा. नेरिंगाबद्दल दोन ओळी लिहून दे. कुणाला पक्कं करायचं ती माझी यादी गुरुवारी तीनला वरच्या साहेबांकडे जाते."

"तुझं काय मत?" मी विचारलं.

"माझं काय मत असणार? पोरगी गोड आहे. पण सस्कॅटूनवाल्यांना मी सांगून बसलोय की दोष कुणाचा ते कळलंय आणि आम्ही कारवाई करतोय. तू म्हणशील तसं." आणि गेला. तू म्हणशील तसं! पंचवीस वर्षांत या माणसाने मी म्हणेन तसं एकदाही केलं नव्हतं.

मी लिहिलं: हुशार आहे, मेहनती आहे. तिथे थांबता आलं असतं. पण नुसतं चांगलं लिहिलं तर गॉर्ड विचारेल, मग एवढा दोष कसा आला? आणि विचारायला लागला की तो बदल उघडेल, त्याच्या आधीचा उघडेल, जसा मी उघडला. म्हणून पुढे लिहिलं: अजून थोडी घाई करते. पाठवलं. पाठवल्यावर हात धुऊन आलो, का ते माहीत नाही. मी काही दुष्ट माणूस नाही हो. मी रांगेत पुढे घुसत नाही, शेजारणीच्या पायऱ्यांवरचं बर्फ न सांगता ओढतो. सत्तावन्नचा आहे, या वयात ज्याची हमी खोटी निघाली, त्याच्या सहीला यादीवर कोण विचारतं? आणि माझ्याकडे सहीखेरीज आहे काय? बर्नी संध्याकाळी म्हणाली, "तोंड का पाडलंयस?" म्हटलं, "काही नाही." म्हणाली, "काही नाही म्हणताना तुझ्या मानेवर डाग उठतात." मी मान झाकली.

निदान यंत्रं तरी वाचवावी, असा एक पुण्याचा विचार मला सुचला. ती ओळ परत घालायची. पण रीत अशी की चूक दुरुस्त करताना ज्या बदलाने चूक आणली त्याचा क्रमांक आणि नाव खाली लिहावं लागतं. तिथे माझाच एक्केचाळिसावा बदल आला असता. म्हणून मी साफसफाईचे आणखी तीन बदल रचले. एकात नावं सुधारली, एकात ओळी हलवल्या, आणि हलवता हलवता मधल्या बदलात ते वाचन चिकटवून दिलं, आर्वोसारखंच, वर एक शब्द न लिहिता. माथ्यावर तेच वाक्य. फक्त साफसफाई, वागण्यात बदल नाही. हे वाक्य पहिल्यांदा मी चुकून खोटं लिहिलं होतं. या वेळी समजून लिहिलं, आणि बोटं जराही अडखळली नाहीत. कुठलाही बदल दुसऱ्या कुणीतरी तपासून मान्य केल्याशिवाय आत जात नाही. तपासायला कुणाकडे गेला असेल? सोमवारपासून ऑफिसातला प्रत्येक कागद नेरिंगा दोनदा वाचत होती.

गुरुवारी अकराला ती आली, हातात कॉफीचा मग, ओळींची छापील पानं काखेत. "एक विचारू? वेडगळ प्रश्न असेल."

"विचार."

"मधल्या बदलात तुम्ही हे एक वाचन घातलंय. आधी नव्हतं. उत्तर कुठेच वापरत नाही आपण. कंपायलर परत ओरडेल." तिने बोट ठेवलं. नख कुरतडलेलं. "मला कळलं नाही म्हणून विचारते. काही कारण आहे का?"

बघा, तिने दार उघडून धरलं होतं. एवढ्या मायेने कुणी कधी धरलं नसेल. आणि मी म्हणालो, "नाही गं. जुनी सवय. हात जातो आपोआप."

"अच्छा." तिचा चेहरा मोकळा झाला, माझ्याकडूनही सवयीने चुका होतात याचं तिला बरं वाटलं असावं. "मग मी काढून टाकते. तेवढं सोडून बाकी सगळं मान्य लिहिते." आणि वळली. गेली. छपाईच्या यंत्राजवळून, पाण्याच्या नळाजवळून, लोकरी मोज्यांतल्या पावलांनी, आवाज न करता. मी तिच्या पाठीकडे पाहत होतो आणि मला दिसत होतं, अगदी स्पष्ट, की आता ती जागेवर बसेल आणि ती ओळ काढेल, स्वतःच्या हाताने, स्वतःच्या नावावर, मी खोटं सांगितलं म्हणून. मग महिन्याने जे गोठेल, त्याच्या शोधाला कुणी निघालं तर तेही तिच्याच दारात येईल. दोनदा. ती काउनसला बापाच्या स्वयंपाकघरात बसलेली असेल आणि इथे लोक म्हणतील, हां, ती घाई करणारी. माझ्या तोंडातून आवाज निघाला तो मला ओळखू आला नाही. "नेरिंगा! काढू नकोस. अगं, इकडे ये."

ती आली. मी सांगितलं. टपालाचं, कार्डाचं, एक्केचाळिसाव्या बदलाचं. लहरी दोषात अर्धं-अर्धं करत शोधलं तर भलत्याच्या दारात कसं पोचतो, तेही. तिला अर्ध्यातच कळलं. हुशार आहे म्हणून मीच लिहिलं होतं. मग फळ्यांपलीकडे कुणीतरी हसत होतं, त्याचा आवाज येत राहिला. तिने कॉफीचा मग माझ्या टेबलावर ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, मला उत्तरं पाठ होती.

"लिहा," ती शेवटी म्हणाली.

"लिहितो. आज दुपारी नीट बसून..."

"आता लिहा. मी तपासते."

मी यादीवरचं तिचं क्षमेचं पत्र उघडलं आणि त्याच्याच खाली उत्तर लिहायला घेतलं. गॉर्डचं नाव वर घातलं. लिहिलं: दोष नेरिंगाच्या बदलात नाही. माझ्या साफसफाईत एक आवश्यक वाचन निघून गेलं, क्रमांक अमुक. तिचा बदल बरोबर आहे, तो पुन्हा आत घ्यावा. काही गैरसमजामुळे हे सांगायला उशीर झाला. तिने वाकून वाचलं, ओठ हलवत, एकेक शब्द, जसं मीच तिला शिकवलं होतं.

"'निघून गेलं' नाही. 'मी काढलं.'"

मी बदललं.

"'गैरसमजामुळे' चूक आहे. तुम्हाला कधी कळलं?"

"सोमवारी."

"किती वाजता?"

"दहाच्या आधी."

ती क्षणभर सरळ झाली. सोमवार ते गुरुवार ती मोजत असावी, बटाटे मंगळवारचे. "मग तसं लिहा," ती म्हणाली. आवाज चढला नाही. मी लिहिलं: सोमवारी सकाळी दहाच्या आधी मला हे कळलं होतं आणि मी गप्प बसलो. लिहिताना इतकं हलकं वाटलं की माझी मलाच शरम वाटली. हलकं वाटायचा हक्क माझा नव्हता.

"आणखी काही आहे?" तिने विचारलं. तपासणारा शेवटी हे विचारतोच, ते नेहमीचं आहे, त्याला "नाही" म्हणायचं असतं आणि तो खाली मान्य लिहितो. गॉर्डला दिलेल्या दोन ओळी तिला माहीत नव्हत्या. कधी कळणारही नव्हत्या. पत्र गेलं की गॉर्ड त्या गुपचूप फाडून टाकणार आणि माझ्यावर तेवढा एक उपकार करणार, हेही मला त्या घटकेला दिसलं.

"आहे," मी म्हणालो, आणि टंकू लागलो. ती वाचत होती. 'अजून थोडी घाई करते' हे शब्द पडद्यावर आले तसे तिचे कान हळूहळू लाल झाले. तिने काहीच सुधारलं नाही. शेवटच्या पूर्णविरामापर्यंत वाचलं, आपला कॉफीचा मग उचलला, पानं काखेत नीट केली.

"पाठवा," ती म्हणाली. साडेअकरा झाले होते. ती तिथेच उभी राहिली, मी पाठवेपर्यंत.